दहा वाजताची नोंद

१८ नोव्हेंबर, सोमवार

तेविसावा आठवडा आजपासून. उपाशी ९१. दहा वाजता १५८.

डॉक्टरबाईंनी आखून दिलेली मर्यादा : उपाशी ९५ च्या आत, जेवणानंतर दोन तासांनी १२० च्या आत. साखर मोजायचे यंत्र घरी आणून आज चौथा दिवस. चारही दिवस दुपार आणि संध्याकाळ मर्यादेत, आणि सकाळच्या न्याहारीनंतरचा आकडा, म्हणजे दहा वाजताचा, चारही दिवस वर. एवढ्यावरून निष्कर्ष काढू नये. नववीच्या मुलांना मी हेच शिकवते : चार निरीक्षणे म्हणजे सिद्धान्त नव्हे.

पण नववीच्या मुलांच्या पोटात बाळ नसते.

वहीत पाच रकाने आखले. वेळ, काय खाल्ले, किती चालले, आकडा, शेरा. शेऱ्याचा रकाना मुद्दाम रुंद ठेवला आहे.

२० नोव्हेंबर

सकाळी ओट्यावर बसून जिजींना आणि नानांना (सासू-सासऱ्यांना) समजावून सांगितले. एकोणिसाव्या वर्षापासून हा पीसीओएस माझ्याबरोबर आहे. इतकी वर्षे त्यांनी "पाळीनी कटकट" एवढेच धरून ठेवले होते. आधी अंडाशयाचे सांगितले : त्या गाठी नव्हेत, अर्ध्यावर वाढून थांबलेले बीजकोश आहेत. जिजींची नजर गोठ्याकडे. मग ठिबकवर आले, आणि नाना सावरून बसले.

म्हटले, नाना, नळीच्या छिद्रांत क्षार बसले की काय होते? पाणी आहे, मोटर चालू आहे, पण झाडापर्यंत पोहोचत नाही. मग मोटरला जास्त दाब द्यावा लागतो. माझ्या शरीरात इन्शुलिनचे तसे आहे. इन्शुलिन आहे, पण पेशी त्याला दाद देत नाहीत. गरोदरपणात वारेतून येणारी संप्रेरके ती छिद्रे आणखी बुजवतात. मोटर दमली की साखर रक्तातच राहते, आणि तिथून बाळाकडे जाते.

नाना खूश. "मंग तुले बी अ‍ॅसिड सोडनं पडी, वं पोरी! आम्ही नळीमा सोडतस तसं."

जिजी : "काय बी बोलतस! पोरगी दोन जीवनी शे, आनि तुम्हले ठिबक सुची ऱ्हायनं."

पण नानांचे बरोबरच होते. चालणे आणि मेटफॉर्मिनची गोळी, हेच माझे अ‍ॅसिड. इतकी नेमकी उपमा मला पुस्तकात कुठे सापडली नव्हती. दिवसभर त्याच आनंदात.

दहा वाजता १६१. आनंद तेवढ्यापुरताच.

२३ नोव्हेंबर, शनिवार

पोहे बंद. त्याऐवजी दादर ज्वारीची एक भाकरी, मेथीची भाजी, ताक. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम.

उपाशी ९२. दहा वाजता १५५. दुपारी ११६. संध्याकाळी ११२.

तीच भाकरी संध्याकाळी खाल्ली तर ११२, सकाळी खाल्ली तर १५५. का? पहाटे संप्रेरकांची पातळी चढलेली असते, हे एक कारण असू शकते. शाळेत निघण्याची घाई हे दुसरे. घाई म्हणावी तर दहाला मी शांतपणे ओट्यापाशी असते. न्याहारी आठला. नंतर अर्धा तास केळीच्या बागेतून चालणे. पावणेदहाला नाना बागेतून परततात, त्यांना पपई चिरून द्यायची, मग बोट टोचायचे, साडेदहाला शाळा. घड्याळ लावावे इतके नेमके.

जिजींचे बजावणे रोजचेच : "चिरी दे त्यासले, पन तोंडमा टाकू नको." पिकलेल्या आणि कच्च्या पपईतला फरक मी त्यांना दोनदा समजावला आहे. ऐकून घेतात, आणि सुरी देताना पुन्हा तेच म्हणतात. खात नाही मी. घरची दोन एकर पपई आणि मी वासावर.

२७ नोव्हेंबर

अर्धी भाकरी. ताक बंद. दहा वाजता १४९. म्हणजे उतरतो आहे? की योगायोग?

तिसऱ्या तासाला फळ्यापाशी डोळ्यांपुढे अंधारी आली. खुर्ची धरून उरलेला धडा बसून शिकवला. मुलांना वाटले, बाई आज मजेत आहेत.

प्रशांतला सांगायचे नव्हते, पण नवराच तो, चेहऱ्यावरून ओळखले. पंचायत समितीतून येताना शेंगदाणे आणले होते, ते पुढे ठेवून म्हणाला, "तू वही भरतेस, पोट भरत नाहीस." मी म्हटले, आकडा खाली यायला हवा. तो म्हणाला, "आकडा जन्माला येणार आहे का आपल्याकडे?"

मागच्या वेळेस दहाव्या आठवड्यात जे झाले, त्याच्या आदल्या दिवसापर्यंत मी काहीच मोजत नव्हते. तेव्हा

असो.

१ डिसेंबर, रविवार

दहा वाजता ११४!!

उद्गारचिन्हे शोभत नाहीत, पण राहू देत. नाना खापरला पाहुण्यांच्या लग्नाला गेले आहेत, घर शांत, शाळा नाही. पूर्ण भाकरी खाऊनही ११४. म्हणजे कारण ताण. शाळेचा ताण. रजेचा अर्ज मनातल्या मनात लिहूनही झाला.

२ डिसेंबर, सोमवार

दहा वाजता ११७. आणि आज शाळा होती.

मग ताण नव्हे. अर्ज रद्द. कारण काही असो, आकडा उतरला, हे खरे. नाना उद्या सकाळी येतील.

३ डिसेंबर

१६३.

काल जे खाल्ले तेच. काल जितके चालले तितकेच. टोचण्याची सुई नवीन. पट्टीची मुदत तपासली. काल ११७, आज १६३.

आज जे केले ते लिहून ठेवते, कारण इथे नाही लिहिले तर कुठेच कबूल करणार नाही. मेथीची भाजी जिजी करतात. नानांना भाजीत किंचित गूळ लागतो. दोन दिवस नाना नव्हते, दोन दिवस आकडा खाली. मला वाटले, सापडले. मी भर स्वयंपाकघरात विचारले, जिजी, भाजीत गूळ टाकता ना तुम्ही? खरे सांगा.

त्यांच्या हातातली भाकरी थापायची थांबली. "त्यासनी भाजी मी येगळी काढस. तुन्ही भाजीमा मी गूय टाकसू? तुन्हा पोटमा शे ते मन्हं कोनी नही का?"

मी सारवासारव करू लागले, निरीक्षण, चल घटक, शक्यता, असले शब्द तोंडून निघाले. जिजी म्हणाल्या, "तू शिकाडू नको माले." आणि तव्याकडे वळल्या.

५ डिसेंबर, गुरुवार

शहाद्याला तपासणी. वजन दीड किलोने घटले. डॉक्टरबाईंनी आधी वजन पाहिले, मग वही. "रकाने सुंदर आहेत," म्हणाल्या, "पण खाणं का कमी केलंत? बाळाला उपाशी ठेवून साखर खाली आणायची नसते."

दहा वाजताच्या आकड्यांभोवती त्यांनी लाल गोल केले. अठरा गोल. म्हणाल्या, पोटभर खा, आणखी नऊ दिवस मोजा. शनिवारी, चौदाला या. असेच राहिले तर सकाळचे इन्शुलिन सुरू करू. त्यात वाईट काहीच नाही, बाळाला त्याने अपाय होत नाही.

हे मला ठाऊक आहे. दुसऱ्या कुणाला समजवायचे असते तर याहून चांगले समजावले असते. सुईची भीती नाही, रोज चार वेळा टोचतेच आहे. भीती याची की मी सगळे काटेकोर केले आणि तरीही शरीर ऐकत नाही. मागच्या वेळीही त्याने मला आधी काही कळवले नव्हते.

सोनोग्राफीत बाळ नीट. पाय दुमडून बसलेले. प्रशांतने कागद तीनदा घडी घातला, तीनदा उघडला.

६ डिसेंबर

उपाशी ९४. दहा वाजता १५९.

जिजी बोलत नाहीत. ताट वाढतात, दोन भाकऱ्या ठेवतात, उठून जातात.

७ डिसेंबर, चंपाषष्ठी

घाईने लिहिते आहे. आनंद की लाज, ठरत नाही.

सकाळी अंगणात वांगी भाजायचे काम जिजींकडे. मी ओट्यावर. नानांची पपई चिरून झाली. फडक्याला हात पुसले, स्पिरिटच्या बोळ्याने बोट पुसले, सुई लावणार, एवढ्यात चार दिवसांनी पहिल्यांदा जिजी माझ्याशी बोलल्या.

"बोटवर माशी बठी ऱ्हायनी. दख जरा."

हाकलली. पुन्हा तिथेच बसली.

"हात धुवाले काय व्हस तुले?"

म्हटले, स्पिरिटने पुसले आहे जिजी, निर्जंतुक आहे.

"स्पिरिट! दारूवरी पुसीसन हात धुवातस का कधी? साखरना हात शे तो. माशीले समजस, तुले नही समजत?"

मग उठून डावा हात साबणाने धुतला, कोरडा केला. उजवा तसाच ठेवला. दोन बोटे, दोन पट्ट्या, एकच मिनिट.

उजवे बोट १६६. डावे बोट ११८.

स्पिरिटने जंतू मरतात, पपईचा रस बोटावर राहतोच. रक्ताचा थेंब त्या रसात मिसळतो, आणि यंत्र बिचारे दोन्हींची साखर मोजते. नाना खापरला गेले, पपई चिरली नाही, आकडा उतरला. सगळे वहीत होते. "काय खाल्ले" असा रकाना मी आखला. "कशाला हात लावला" असा आखला नाही. जी वस्तू तोंडात जाऊ नये म्हणून घरभर पहारा, ती बोटावरून वहीत शिरत होती. आणि मी तिच्यासाठी भाकरी अर्धी केली. स्वतःची नव्हे, दोघांची.

जिजींची माफी मागितली. या वेळी एकही अवघड शब्द वापरला नाही. त्या वांग्याची साल काढत राहिल्या. मग म्हणाल्या, "लिखी ले तुन्ही वहीमा. जिजीनी गूय नही टाका."

लिहिले. आजच्या तारखेच्या शेऱ्यात, शाईने : "जिजींनी गूळ टाकला नव्हता." त्यांनी चष्मा लावून वाचून घेतले. नंतर भरीत वाढले, दोन भाकऱ्यांवर तिसरी.

नाना मात्र हिरमुसले : "म्हंजे चोर मन्ही पपई?"

८ डिसेंबर, रविवार

साबण, पाणी, कोरडा पंचा. मग सुई. दहा वाजता ११५. पोटभर खाऊन.

नाना आता पपई स्वतः चिरतात. वाकड्या फोडी.

१० डिसेंबर

दहा वाजता ११९. उपाशी ९६.

उपाशी आकडा पहाटे उठल्याबरोबर, हात धुऊन घेतलेला. पपईचा संबंध नाही.

पुन्हा घेतला. ९७.

११ डिसेंबर

मागची पाने चाळली. उपाशी आकड्यांकडे मी बघतच नव्हते. सगळे लक्ष दहा वाजताच्या लाल गोलांवर. ९१, ९२, ९२, ९३, ९४, ९६. हळूहळू चढतो आहे, आणि हे आकडे खरे आहेत. ठिबकची छिद्रे बुजत आहेत, जसे मी ओट्यावर उत्साहाने सांगितले होते तसेच. तेव्हा ते नळीबद्दल वाटत होते.

वर्गात आज चुंबकत्व. छान शिकवले. घंटा झाल्यावर कळले की एक हात पूर्ण वेळ पोटावर होता.

१२ डिसेंबर

उपाशी ९५. रात्रीच्या जेवणात भाकरी कमी करावी का? असे मनात आले आणि वही मिटली. ते आता करायचे नाही. खायचे, चालायचे, मोजायचे, चौदाला विचारायचे.

वजन सातशे ग्रॅमने वाढले आहे. घरच्या काट्यावर, म्हणजे साधारण.

बाळ दुपारपासून सारखे ढुशा देते आहे. मोजायला बसले, अकरापर्यंत मोजल्या, मग मोजणे सोडून दिले. पहिल्यांदाच काही मोजायचे सोडले.

१४ डिसेंबर, शनिवार

शहादा. दवाखान्याच्या बाकावर. आमच्यापुढे दोघी.

प्रशांतला सुट्टी होती, पण जिजी म्हणाल्या, मी येस. पिशवीत पाण्याची बाटली, भाकरीचा डबा, आणि कागदात गुंडाळलेली साबणाची वडी. शेजारी बसलेल्या एका मुलीच्या हातात आमच्यासारखेच यंत्र दिसले, तेव्हा जिजींनी तिला विचारले, "वं बाई, हात धुयात का?" ती बावरली. मी समजावायला तोंड उघडणार, तोच जिजींनी मला हाताने थांबवले आणि माशीपासून सगळे स्वतः सांगितले. थोडक्यात. माझ्यापेक्षा चांगले.

मग माझ्याकडे वळून हळूच : "आज उपाशी कितला?"

"पंच्याण्णव."

"मंग? चांगला का वाईट?"

"रेषेवर आहे, जिजी."

"रेषावर म्हंजे? आठे का तठे?"

म्हटले, माहीत नाही. तेच विचारायला आलो आहोत. हे वाक्य इतक्या सहज मी याआधी कधी उच्चारले होते, आठवत नाही. जिजींनी मान हलवली, जणू हेही एक उत्तर असते.

आता पुढे एकच जण. डॉक्टरबाई अठरा लाल गोल पाहतील, सात तारखेचे पान उलटतील, गुळाचा शेरा वाचतील, आणि मग त्यांचे बोट उपाशी आकड्यांशी थांबेल. तिथे त्या काय म्हणतील, हे मला

माझे नाव पुकारले. जिजी म्हणतात, वही माझ्याकडे दे, तू आधी हात