निगेटिव्हमधली आई

जुने शहर, अकोला
४ मे २०२५

तीर्थरूप दादा,

साष्टांग नमस्कार लिहायची रीत आहे, पण आज नुसताच नमस्कार घे. इथे ऊन मनस्वी तापतंय. आईचे सांधे दुखतात, बाकी बरी आहे. तुझ्या आचलच्या साक्षगंधासाठी कुरड्या वाळवल्या आहेत, वहिनीला सांग.

तू मागितलेला आईचा फोटो मात्र पाठवत नाही.

मी शाळेतल्या पोरांकडून करून घेते तसला निळा फोटो हॉलमध्ये लावायला हवा, असं तूच म्हणालास. त्यासाठी आधी निगेटिव्ह पारदर्शक फिल्मवर छापून घ्यावं लागतं. रसायन लावलेल्या कागदावर ती फिल्म ठेवून उन्हात धरायची, मग कागद पाण्यात धुवायचा, की निळ्या रंगात माणूस उमटतं. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं. आईच्या कपाळावरचं, ओठांभोवतीचं पांढरं कोड तिथे काळं दिसायला हवं.

तुझ्या दोस्ताच्या, अंकुरच्या झेरॉक्सच्या दुकानात काम दिलं. फिल्म घ्यायला गेले, उजेडात धरली, तर आईच्या तोंडावर एकही डाग नाही! कोण्या भलत्याच बाईचं तोंड. मी भर दुकानात अंकुरवर तुटून पडले. माझ्या आईच्या चेहऱ्याला हात लावायचा हक्क तुला कोणी दिला, विचारलं. गिऱ्हाइकं बघत राहिली. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि हळूच म्हणाला, "ताई, मले काहून बोलता? तुमच्या भगवंतादादाचाच फोन आल्ता. चेहरा साफ करून दे म्हणे."

तरी घरी येईपर्यंत मी मनाची समजूत घालत होते, की दादाची हौस असेल. आईला विचारलं. मी पिच्छा सोडला नाही तेव्हा कळलं. ऊन आहे, गर्दी आहे, तू साक्षगंधाला येऊ नको, तुझा फोटो लावतो, असं तू तिला सांगितलंस. तूर निवडता निवडता, मान वर न करता ती मला म्हणाली, "जाऊ दे मंजू. पोरीचं जमून राहिलं. माह्यापायी मोडाले नको."

म्हणजे व्याह्यांना दाखवायला बिनडागाची आई भिंतीवर, आणि खरी आई अकोल्यात!

कोड लागत नाही, हे तुला कोणी सांगायला नको. तिच्याच हातचं खाऊन वाढलास. भातकुलीच्या बाजारात तिची वांगी नको म्हणून लोक शेजारच्या पाटीकडे वळायचे, तरी तिनं कधी तोंडावर पदर ओढला नाही. तिनं जे तोंड भर बाजारात झाकलं नाही, ते तू पुसायला निघालास.

मी आचलला फोन करून सगळं सांगितलं. पोरगी म्हणाली, "आत्या, सासरच्याइले मी पहिल्याच भेटीत आजीचा फोटो दाखवला. सासूबाई तर आजीले भेटाचंच हाय म्हणून राहिल्या." ऐकलंस? त्या घरात कोणालाच लाज नाही वाटली. लाजणारा तू एकटाच.

ती फिल्म मी फाडून टाकली. साक्षगंधाच्या आदल्या दिवशी सकाळच्या गाडीनं आईला घेऊन येते. बडनेऱ्याला स्टेशनवर तू स्वतः ये, ड्रायव्हरला पाठवू नकोस. आणि तिथे काय बोलायचं ते तिच्याशी बोल, माझ्याशी नको.

'तुझी बहीण' असं लिहायला आज हात उचलत नाही.

पार्बताबाईची मुलगी,
मंजुषा