उपासात वाढलेलं वजन

नागपूर, १० मार्च १९७२

माय, तुले शमूचा सलाम.

बाबाले वाटते, नागपुरात मी ईस्टरच्या आधीचा लेंटचा उपास विसरीन. त्यायले सांग, राखेच्या बुधवारपासून मटण अन् गोड बंद आहे. पण वजन वाढलं! मेसवाल्या प्रयागबाईले 'उपास आहे' म्हटलं, तं त्या रोज साबुदाण्याची खिचडी देतात, वरून तूप. भुकेवर कविता लिहीन म्हटलं होतं, पण खिचडी खाल्ली की झोपच येते.

शेवटी गेल्या इतवारच्या दिवशी म्हटलं, "मावशी, आमच्या उपासात आपल्या वाटचं दुसऱ्याले द्यायचं असते."

"मंग तू कोणाले देतं गा?"



त्यायनं खिचडीचा डबा भरला. "चौकातला रामाजी रिक्षावाला तापानं पडला आहे. त्याले नेऊन दे."

आता रोज डबा मी नेतो अन् वरणभात खातो. रामाजी म्हणते, "बाईले सांग, मिरची कमी पडली." म्हणजे बरा होऊन राहिला.

बाबाचा खोकला कसा आहे? तू वर्षभर आपल्या वाटचं दूध त्यायले देतं, मले माहीत आहे. ईस्टरपर्यंत तरी अर्धा कप तूच पेत जाय.

तुहा,
शमुवेल