काचेआतली वाफ

७ डिसेंबर २०२५
गाझियाबादला बस्तान बसलं! जयंतकाका आणि प्रभाकाकूंकडे वरची खोली भाड्याने मिळाली. खोलीला ऊन आहे, गच्ची आहे आणि सकाळी न मागता चहा येतो. काकूंचं बोलणं म्हणजे मराठी-हिंदीची भेळ. माझी हौसेची छोटी विमानं पाहून त्या उठल्या आणि कपाटातून जुना खोका घेऊन आल्या. आत मिग-२१ चा अर्धवट जोडलेला नमुना, टीचभर लांब. त्यांच्या अनिशचा. तो हवाई दलात तेच विमान चालवायचा. नऊ वर्षांपूर्वी दाट धुक्यात उतरताना गेला. यंदा ती विमानं निवृत्त झाली त्या दिवशी काकूंनी टीव्ही लावलाच नाही म्हणे. मला म्हणाल्या, "केतन, तू पूरा कर ना रे. चौदाला त्याचा बर्थडे असतो." नाही म्हणवलं नाही.

१३ डिसेंबर
रंग झाला, चाकं बसली. वैमानिकाची बाहुली खोक्यात नव्हतीच, म्हणून रिकाम्या कॉकपिटवर प्लास्टिकची काच चिकटवली. घाईत घोडचूक केली. पांढऱ्या गोंदाऐवजी झटपट चिकटणारा वापरला. त्याच्या वाफेने काच आतून पांढरीफटक पडते आणि ते धुकं कधीच जात नाही. दहा वर्षं हेच करतोय, तरी! स्वतःच्याच कानाखाली वाजवावीशी वाटली.

१४ डिसेंबर
सकाळी काच लख्ख. कशी, कोण जाणे. काकूंनी विमानाला ओवाळलं आणि ढसाढसा रडल्या. मलाही आवरलं नाही.

१६ डिसेंबर
काचेवर पुन्हा वाफ. येते, विरते, पुन्हा येते. माणसाच्या श्वासासारखी. भिंग लावून पाहिलं. आत कोणीतरी बसलंय.

१७ डिसेंबर
आतून टकटक. काकांनीही ऐकली. माझे हात धरून म्हणाले, काच काप, पोराला मोकळं कर. काकूंनी विमान पदराखाली घेतलं. आत आहे तोवर घरी आहे, म्हणाल्या.

१९ डिसेंबर
काकू जेवत नाहीत. विमान मांडीवर घेऊन बसतात. हातमोज्यातला इवलासा हात काचेला टेकलेला— त्याला मी कोंडलंय. मी. उद्या कापणार, काकू काही म्हणोत.

२० डिसेंबर
उशीर झाला. काकू गेल्या. खुर्चीतच, हात विमानावर. डॉक्टर म्हणाले, श्वास कोंडला—

२१ डिसेंबर
स्मशानातून आलो. काचेवर वाफेचे दोन ठिपके. शेजारी शेजारी. टकटकही दोन— एक बांगड्यांची.
वाफ कमी होतेय. आतली हवा संपत असणार. पातं काढलं, तर काका आडवे आले. हेच काका, ज्यांनी— म्हणतात, नको. प्रभा आत आहे तोवर घरी आहे.
टकटक मंदावली. बांगड्या अजून— मी पातं काचेला लावतोय, काकांनी माझा हात—