आधी चव, मग शटर

ता. २ फेब्रुवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे दोन्ही रेस्टॉरंट कंपन्यांची फ्रँचायझी पडताळून पाहिली. लाल पाटीवाल्यांची फी हिरव्या पाटीवाल्यांच्या निम्मी. सुपापासून सॉसपर्यंत सगळं तयार पाकिटात येतं, गरम केलं की झालं. मदतीला फोन दिवसभर चालू. मला वाटतं, लालच घ्यावं.

कारखान्याच्या कँटीनमध्ये तुम्ही जन्मभर दुसऱ्याच्या हुकमावर पातेली ढवळलीत. कँटीन बंद होतंय ते एका परीनं बरंच. आता मालक म्हणून गल्ल्यावर बसा. घर तारण ठेवायला आई तयार नाही, हे कळतं मला. पण प्रामाणिक धंद्याला भ्यायचं कशाला? पंधरा तारखेला सही आहे. त्याआधी त्यांच्या दुकानात एक दिवस काढून या. आणि कृपा करून तिथे बाह्या सारून कामाला लागू नका!

रागवा, पण लोभ कमी करू नका.

तुमची,
वकीलबाई (नाव तुम्हीच ठेवलंय)


ता. ९ फेब्रुवारी

चि. वकीलबाईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

लाल पाटीवाल्यांकडे जाऊन आलो. दुकान चकाचक. तू बजावलं होतंस म्हणून हात मागे बांधून उभा राहिलो. पण पातेल्यातून वाफ आली आणि हात कुठला ऐकतोय! पळीनं थोडा सॉस तळहातावर घेतला नि चाखला. कँटीनची घंटा व्हायच्या आधी तेच करत आलो ना. सुपरवायझर धावत आला. म्हणाला, इथे कुणी चाखायचं नाही, चव कंपनी बघते. सबंध पातेलं माझ्यादेखत ओतून दिलं.

घरी आल्यावर तुझ्या आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, पोरीला स्पष्ट कळवा. पण आपल्या घरात तू पहिली शिकलेली, एवढी खपलीस. तुझा शब्द कसा मोडायचा? म्हणशील तर सही करतो. फक्त एवढं सांग, न चाखता लोकांना वाढायचं मला जमेल का?

जपून राहा, लोभ आहेच.

बाबा


ता. ११ फेब्रुवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

सही करू नका! तुमचं पत्र वाचून आधी रडले, मग जीव भांड्यात पडला. कारण मीही तुम्हाला कसं सांगू याच विवंचनेत होते.

ऐन जेवणाच्या वेळी दोन्हीकडे मदतीचा फोन लावून पाहिला. लालवाल्यांकडे नुसतं संगीत वाजत राहिलं. मग त्यांच्याच एका दुकानदाराला गाठलं. तो म्हणाला, फी कमी खरी, पण शेगडीपासून खुर्चीपर्यंत सगळं त्यांच्याकडूनच नवं घ्यावं लागतं, वर दरमहा जाहिरातीचा हिस्सा. सगळं धरलं तर लालच महाग.

हिरव्यांकडे एका बाईंनी फोन उचलला, पण त्यांना बोलताच येईना. तोंडात घास होता! त्या तिथल्या प्रशिक्षक. त्यांच्याकडे नियमच आहे, शटर वर करण्याआधी मालकानं प्रत्येक पातेलं चाखायचं. (चमच्यानं हं, तळहातावर नाही!) जुनी भांडी आणि शेगड्याही त्या तपासून चालवून घेतात. तुमच्या कँटीनचं सामान विकायला निघालंय ना? ते स्वस्तात घेतलं की तुमच्या शिलकीत भागेल, घर तारण ठेवायला नको. आईला हे आधी सांगा.

आशीर्वाद असाच डोक्यावर असू द्या.

तुमची,
वकीलबाई


ता. ३ एप्रिल

चि. वकीलबाईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

घराची कागदपत्रं आईनं पुन्हा कपाटात ठेवली आणि किल्ली कमरेला लावली. काल दुकान उघडलं. त्या प्रशिक्षक बाई पहिला महिनाभर आमच्यासोबत आहेत. सकाळी त्यांनी सूप चाखलं आणि मीठ कमी म्हणाल्या. मी उखडलो. म्हटलं, जन्मभर कारखाना जेवू घातला, कुणी ब्र काढला नाही. बाईंनी शांतपणे चमचा तुझ्या आईपुढे केला. तीही त्यांच्याच बाजूची निघाली! म्हणे, मीठ लग्नापासूनच कमी आहे, पण यांना सांगणार कोण?

मुकाट्यानं मीठ घातलं. दुपारपर्यंत पातेलं रिकामं.

पोरी, इतकी वर्षं मी एकटाच चाखत होतो. आता कमी पडलं तर सांगणारं माणूस शेजारी उभं आहे. काल किती दिवसांनी गाढ झोपलो.

तुझा चमचा वेगळा काढून ठेवलाय. लोभासकट ये.

बाबा