गुलाबी काकाकुवा

गुरुवार, संध्याकाळ

सोसायटीच्या निवडणुकीत आण्णांना पोपट चिन्ह मिळालंय, अन् भिंतीवर तो रंगवायचं काम मला. दुष्काळात यंदा पोळा झालाच न्हाय, म्हणून बैलांच्या शिंगांचा गुलाबी रंग उरलेला, तोच वापरला. कॅलेंडरवरच्या पक्ष्यासारखा तुराबी काढला. काय गरज होती मला तुऱ्याची?

दुपारी पारावर एकच बोंब, हा तर कोंबडा. कोंबडा म्हणजे समोरच्या पार्टीचं चिन्ह. गुरुजींनी वाचवलं. "काकाकुवा हाय हा, पोपटाच्याच जातीतला."

आण्णांना विचारलं, तुरा पुसू का? म्हणाले, "ऱ्हाऊ दे. साधा पोपट कुणाच्या ध्यानात ऱ्हायला असता?"

आत्ता त्यांच्या दारावरनं आलो. लोक "काकाकुवा" म्हणून हाका मारत्यात, अन् आण्णा आतनं "ओ" देत्यात.