स्टिअरिंग जड आहे

३ फेब्रुवारी, सोमवार
स्टिअरिंग जड झालंय. शाळेतून येताना कोपऱ्यावरच्या वळणाला जाणवलं. वळताना पुढून कण्हल्यासारखा आवाजही येतो. गाडी तेवीस वर्षांची, त्यातून स्पोर्ट्स कार. कण्हणारच. मीही सकाळी उठताना कण्हतो, मला कोणी गॅरेजमध्ये नेत नाही.

बॉनेट उघडलं. पॉवर स्टिअरिंगच्या तेलाची डबी तळाला गेलेली. म्हणजे निदान झालं. तेल घालायचं, विषय संपला.

मुलीची नोकरी पक्की झाली. घाटापलीकडचं गाव, सहा तासांचा रस्ता. गाडी सेकंडहँड घेतली तेव्हा ती सात वर्षांची होती. शेजारच्या सीटवर बसवून मी तिला शब्द दिला होता की पहिल्या नोकरीवर तुला याच गाडीतून सोडणार. आता एक मार्चला, शनिवारी, निघायचं. महिना आहे हातात. भरपूर झाला.

संकल्प: या वेळी गॅरेज नाही. सगळं स्वतः. मी फिजिक्स शिकवतो. दाबाखालचं तेल काय करतं हे मी दरवर्षी दहावीला सांगतो.

४ फेब्रुवारी, मंगळवार
तेल आणलं, घातलं. डबीवर थंड आणि गरम अशा दोन खुणा आहेत. मी दोन्हींच्या वर भरलं. म्हणजे सारखं बघायला नको.

६ फेब्रुवारी, गुरुवार
तेल तापल्यावर फुगतं. हे मला माहीत होतं. सगळा फेस डबीतून उतू जाऊन इंजिनभर पसरला. फाटकापासून दारापर्यंत ठिपक्यांची रांगोळी.

बायको म्हणाली, पाहुणीला जुलाब झाले वाटतं. गाडीला ती पाहुणी म्हणते. घरातली सगळ्यात चांगली जागा अडवते, कामाला हात लावत नाही आणि हिच्या तब्येतीची चौकशी मात्र रोज करायची, असं तिचं म्हणणं. मी आत जाऊन आडवा झालो. थकलो होतो.

९ फेब्रुवारी, रविवार
आज मोठं काम. सिरिंजने जुनं तेल उपसलं. काळंकुट्ट. तेल डबीत परत आणणाऱ्या नळीची क्लिप ढिली सापडली, तेल तिथूनच पाझरत होतं. नवी क्लिप बसवली. वर्कशॉपच्या माणसालाही इतक्या सफाईने जमली नसती. नवं तेल घातलं, या वेळी खुणेपर्यंतच.

मग हवा काढणे. पद्धत अशी: पुढची चाकं उचलून स्टँडवर ठेवायची, इंजिन बंद, आणि स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवत राहायचं. बुडबुडे वर येतात. बुडबुडे संपले की काम झालं.

स्टँड घरात नाहीत. जॅक एक आहे, त्याच्यावर माझा विश्वास नाही. म्हणून चाकं जमिनीवरच ठेवली. तत्त्व तेच.

इंजिन बंद, चाकं जमिनीवर, म्हणजे स्टिअरिंग फिरवणं आणि जातं ओढणं एकच. थोडं फिरवायचं, उतरायचं, डबीत डोकावायचं, परत बसायचं. गाडी इतकी बुटकी की उतरणं हा वेगळा व्यायाम. मुलगी म्हणाली, मी फिरवते, तू बुडबुडे बघ. मी म्हटलं, हे ताकदीचं काम नाही, अंदाजाचं आहे. दुपारभर अंदाज घेतला.

११ फेब्रुवारी, मंगळवार
आवाज गेला! कण्हणं बंद.
स्टिअरिंग मात्र जड. उलट थोडं जास्तच. याचा अर्थ आत हवा अजून आहे. संध्याकाळी पुन्हा फिरवलं.
उजवा खांदा जरा बोलतोय. उशी बदलायला हवी.

१२ फेब्रुवारी, बुधवार
फिरवलं. एक बुडबुडा. बायकोला दाखवायला बोलावलं, ती येईपर्यंत फुटला.

१५ फेब्रुवारी, शनिवार
तीन दिवस रोज फिरवतोय. जितकं फिरवावं तितकं जड होत चाललंय. अशी चिवट हवा मी पाहिली नाही.

इकडे धोब्याने शर्टांची वाट लावली आहे. उजव्या बाहीत हातच जात नाही. सगळ्या शर्टांच्या उजव्याच बाह्या कशा आटल्या, असं बायकोने विचारलं. मी म्हटलं, ते धोब्याला विचार. तिने नुसतं माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, डॉक्टरला दाखव. शर्ट डॉक्टरला दाखवण्यात काय अर्थ आहे?

१६ फेब्रुवारी, रविवार
हरलो नाही, पण दुसरं मत घ्यायला हरकत नसते. गॅरेजवाल्याकडे गेलो. त्याने मोबाइलवरून नजर न काढता सांगितलं की पंप बदला, रॅक बदला, जमलं तर गाडी बदला. बॉनेटसुद्धा उघडलं नाही. मी परत आलो. येताना गोल चौकात वळण पूर्ण झालं नाही, म्हणून सरळ गेलो आणि लांबून फिरून आलो. रस्ता नवा होता, चांगला होता.

संकल्प: उद्यापासून सकाळ-संध्याकाळ फिरवणे.

१९ फेब्रुवारी, बुधवार
शाळेत एक सुधारणा केली. फळ्याचा खालचा अर्धा भाग आपण शिक्षक वर्षानुवर्षं वाया घालवतो. आता मी तिथेच लिहितो. मागच्या बाकावरची मुलं उभी राहून बघतात, त्यामुळे झोपत नाहीत. मुख्याध्यापिकाबाई दारातून बघून गेल्या. प्रभावित झाल्या असाव्यात.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार
भिंतीपलीकडचे निवृत्त शेजारी, ज्यांना आम्ही घरात निरीक्षक म्हणतो, आज चक्क फाटकातून आत आले. रोज भिंतीवरून मान काढून, अजून चाललंय का, एवढंच विचारतात. आज म्हणाले, बघू तरी किती जड आहे. बसले. वय पंचाहत्तर, अंगात शर्ट हँगरला लटकवल्यासारखा. इंजिन चालू करून त्यांनी एका हाताने स्टिअरिंग गरागरा फिरवलं. दुसऱ्या हातात चहाचा कप. म्हणाले, लोण्यासारखं आहे हो.

इंजिन आधीपासून तापलेलं होतं, त्याचा परिणाम. शिवाय त्या पिढीने लहानपणी विहिरीचं पाणी ओढलंय. त्यांची तुलना कशी करणार?

ते गेल्यावर मी बसलो. जड. हे मी माझ्या हाताने अनुभवतोय, कोणी सांगितलेलं नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार
मुलीच्या बॅगा भरणं सुरू आहे. घरभर कपडे. तिने सहज म्हणावं तसं म्हटलं की बाबा, बसचं तिकीट काढून ठेवू का, नसेल लागलं तर रद्द करता येतं. मी म्हटलं, अजिबात नाही. जरा जोरात म्हटलं. तिने हातातली घडी बॅगेत ठेवली. मग म्हणाली, बरं, गुरुवारपर्यंत थांबते.

गुरुवार. ठीक आहे. आज पंपाचा पट्टा ताणून घेतला, तेल पुन्हा पूर्ण बदललं, हवा पुन्हा काढली. काढता काढता खांद्यात अशी कळ आली की हॉर्नवर कपाळ टेकलं. हॉर्न चांगला वाजतो. गाडीतलं एवढं तरी बिनतक्रार.

२४ फेब्रुवारी, सोमवार
डाव्या हाताने केस विंचरायला सुरुवात केली. मेंदूला चांगलं असतं. भांग दुसरीकडे पडला. मुलगी म्हणाली, वेगळाच दिसतोस. बायको काही म्हणाली नाही, तिने डॉक्टरची वेळ घेतली. माझ्या नावावर. मला न विचारता.

२६ फेब्रुवारी, बुधवार
गेलो. बायकोच्या समाधानासाठी.

डॉक्टरने हात वर करा म्हटलं. मी केला. म्हणाला, वर. मी म्हटलं, हा वरच आहे. त्याने स्वतः उचलून बघितला आणि माझ्या तोंडून जे निघालं ते बाहेर बसलेल्यांनी ऐकलं असणार. खांदा गोठलाय म्हणे. बरेच दिवस मुरत असावा, पण हल्ली काही ओढाताण केली का, असं विचारलं. मी म्हटलं, छे. बायकोने सगळं सांगितलं. चाकं जमिनीवर होती इथपासून. ती खिडकीतून बघत होती हे मला माहीत नव्हतं.

काही महिने लागतील. व्यायाम दिले आहेत. गाडी चालवायची नाही.

मी विचारलं, आणि स्टिअरिंग? डॉक्टर म्हणाला, स्टिअरिंगला काय झालंय?

परतताना बायकोने तिची छोटी गाडी चालवली. मी बाहेर बघत होतो. सिग्नलला तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, हिरवा झाल्यावर काढला.

२७ फेब्रुवारी, गुरुवार
विचार केला. खांदा दुखतो हे मान्य. पण त्यामुळे स्टिअरिंग जड नव्हतंच हे सिद्ध होत नाही. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

पहाटे कोणी उठायच्या आत खाली जाऊन बसलो. इंजिन चालू. डाव्या हाताने फिरवून पाहिलं.

फिरलं. टोकापर्यंत, बिनबोभाट. लोण्यासारखं.

इंजिन बंद केलं.

म्हणजे ती ढिली क्लिप मी बसवली, आवाज गेला, त्याच दिवशी गाडी बरी झाली होती. नंतरचे पंधरा-सोळा दिवस मी काय दुरुस्त करत होतो? आणि एवढं करून, शब्द दिला होता तो मी पाळू शकत नाही. पोरगी परवा चालली आणि मी तिला सोडू शकत नाही. यात काही विनोद नाही. वाईट वाटतंय.

मुलीला सांगितलं, काढ तिकीट.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार
तिने तिकीट काढलेलं नाही. म्हणाली, गाडी मी चालवते, तू शेजारी बस. शब्द गाडीतून सोडण्याचा होता, कोण चालवणार याबद्दल काही ठरलं नव्हतं. हिला वकील करायला हवं होतं.

मी म्हटलं, ही गाडी चालवणं सोपं नाही. क्लच उशिरा पकडतो, दुसऱ्या गिअरची समजूत घालावी लागते. ती म्हणाली, माहीत आहे. कसं माहीत, ते विचारलं. तिने आईकडे बघितलं. आईने तव्याकडे. मी शाळेत असताना या दोघी पाहुणीला घेऊन कुठे कुठे जाऊन आल्यात ते आता कळून काय उपयोग?

मग तिनेच विचारलं, पण परत कोण आणणार? दोन सीटची गाडी, आई येऊ शकत नाही, मी चालवू शकत नाही. याचा कोणी विचार केला नव्हता. शेवटी मी म्हटलं, राहू दे तुझ्याकडे. खांदा बरा होईपर्यंत.

होईपर्यंत हा शब्द मी मुद्दाम ठळक उच्चारला. कोणी दखल घेतली नाही.

१ मार्च, शनिवार. रात्री, मुलीच्या नव्या खोलीवर
पोचलो.

सोळा वर्षांत या गाडीच्या डाव्या सीटवर मी पहिल्यांदा बसलो. तिथून गाडी वेगळी दिसते. पाय ठेवायला जागा बरी आहे. घाट सुरू झाल्यावर मी सूचना द्यायला लागलो. आधी वेग कमी, मग गिअर, मग वळण. तिसऱ्या वळणानंतर लक्षात आलं की ती हे सगळं माझ्या सूचनेच्या आधीच करते. मग मी तेच सांगत राहिलो, पण जरा उशिरा, म्हणजे कौतुकासारखं वाटावं.

एका अवघड वळणावर तिने दोन बोटांनी गाडी वळवली. म्हणाली, बाबा, स्टिअरिंग किती हलकं केलंयस रे.
मी म्हटलं, मेहनत घ्यावी लागते.
ती हसली नाही. तिने मान डोलावली, खरं असल्यासारखी. मी खिडकीबाहेर बघितलं. डोळ्यांत काहीतरी गेलं होतं. काच बंद होती.

खोली लहान आहे, पण उजेड आहे. गाडी खाली झाडाखाली लावली. मी तिला डबीवरच्या दोन खुणा दाखवल्या, थंड आणि गरम. खुणेच्या वर कधीही भरायचं नाही, लोक तिथेच चुकतात, असं सांगितलं.

२ मार्च, रविवार. बसमध्ये
तिने स्टँडवर सोडलं. गाडीतूनच. मी उतरलो, दार लावलं, छपरावर दोन थापा मारल्या, डाव्या हाताने. ती म्हणाली, व्यायाम कर. मी म्हटलं, तेल बघत जा. गाडी वळून गेली. आवाज नाही, काही नाही. असं वळण माझ्या हातून गेल्या कित्येक महिन्यांत झालेलं नाही.

संकल्प: उद्यापासून खांद्याचे व्यायाम, सकाळ-संध्याकाळ. दीड महिन्यात हात वर. मग बसने यायचं आणि गाडी चालवत घेऊन जायची. मला अजून घाट जमतो. वय म्हणजे काही फार नाही.

बॅग वरच्या फळीवर ठेवायची होती. उजवा हात खांद्याच्या वर जाईना, डाव्याला बॅग पेलेना. मी ती छातीशी धरून बाकांच्या मधल्या वाटेत उभा. मागून कंडक्टर आला. म्हणाला, आजोबा, द्या इकडे.

मी मागे वळून बघितलं. मागे कोणी आजोबा नव्हते.

बॅग दिली.