म्हशीच्या शिंगाची मूठ

मुरुड, शुक्रवार

प्रिय स्वप्निल,

हे पाकीट आणून दिलं म्हणून कमलेशवर चिडू नकोस. मुरुड-माणगाव गाडीवर कंडक्टर आहे तो, केस कापायला मुद्दाम तुझ्या दुकानात येतो आणि परत आला की तुझी खबर मला देतो. अकरा वर्षांत तू किती जाड झालास, दुकानाला कुठला रंग दिलास, सगळं मला ठाऊक आहे. फोनवर बाबांचं नाव निघालं की तू ठेवून देतोस, म्हणून म्हटलं लिहावं. माझं अक्षर बघून तू पत्र फाडणार नाहीस एवढा भरवसा अजून आहे. शेवटपर्यंत वाचल्यावर तुझा माझ्यावर काही भरवसा राहील की नाही, ते मात्र सांगता येत नाही.

गणपती गेल्यावर चारच दिवसांनी बाबांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. मी थळहून आले ती दोन महिने इथेच आहे. सासरची माणसं भली, काही बोलत नाहीत. परवा दुसरा झटका येऊन गेला आणि डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, कुणाला बोलवायचं असेल तर बोलावून घ्या. आता कुणाला म्हणजे कुणाला, हे तूच सांग.

दुखण्याइतकीच मला त्यांची दाढी छळते. बाबांच्या गालावर कधी खुंट तरी पाहिले होते का रे आपण? स्टँडजवळचं दुकान उघडायच्या आधी स्वतःची दाढी, मग गावाची. आता पांढरी दाढी गळ्यापर्यंत आली आहे. दुकानातला ब्लेडचा वस्तरा घेऊन मी जवळ गेले की डाव्या हाताने ढकलतात. एवढा अशक्त माणूस, पण त्या ढकलण्यात काय जोर असतो! इस्पितळातून घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी त्यांनी माळ्याकडे बोट दाखवलं. मी चढून बिस्किटाचा डबा काढला. आत आईच्या पातळाच्या तुकड्यात आज्याचा वस्तरा होता. पातं गंजलेलं, आणि मुठीच्या एका बाजूचे दोन तुकडे.

त्या वस्तऱ्याचं नाव काढलं तरी तुझा गाल तापत असेल. सतरावं लागलं होतं तुला. बाबांनी आठ दिवस आधी गावाला सांगून ठेवलेलं, की पोराची पहिली दाढी आज्याच्या वस्तऱ्याने करणार आणि मग वस्तरा त्याचाच. गिऱ्हाइकं बाकावर बसून चेष्टा करत होती, तुझ्या तोंडाला फेस लावून झाला होता. बाबांनी वस्तरा तुझ्या हातात दिला, तू तो उघडलास आणि मूठ हातातच दुभंगली. तू म्हणालास, मी काही केलं नाही. बाबा म्हणाले, वर खोटं बोलतोस? आणि त्या फेसावरच थोबाडीत दिली. शर्टावर सांडलेला फेस न पुसता तू समोर लागलेल्या एसटीत जाऊन बसलास. मी दुकानाच्या दाराशीच उभी होते.

तर बाबांनी डबा उतरवायला लावला तेव्हा मी ठरवलं, ही मूठ आपणच करायची. नीराबाईची म्हातारी म्हैस गेल्या वर्षी मेली, तिची शिंगं तिने गोठ्याच्या चौकटीवर ठेवली होती. एक मागितलं तर म्हणाली, “बाबासाठी व्हय? ने दोनी.” बरं झालं दोन्ही आणली ते. होड्या बांधणारे तुळशीरामकाका म्हणाले, आण इकडे, मी दोन दिवसांत करून देतो. मी नको म्हटलं. त्यांची करवत, कानस आणि शिंग आवळून धरायला शेगडा तेवढा मागून घेतला. शिंग कापताना जळक्या केसांसारखा वास सुटतो, अंगाला बसतो, आंघोळ करून जात नाही. मूठ म्हणजे शिंगाच्या दोन पातळ पट्ट्या, त्यांच्यामध्ये पातं मिटलं पाहिजे. पण शिंग मुळातलं वाकडं. उकळत्या पाण्यात मऊ करायचं, दोन फळ्यांत दाबायचं आणि थंड होऊ द्यायचं. मी चार दिवसांत फळ्या सोडल्या. काका म्हणाले होते, “आगो, शिंगाला घाई न्हाय चालत.” ऐकलं नाही. पट्ट्या घासल्या, पितळी खिळे ठोकले, वस्तरा मिटला, आणि दुसऱ्या दिवशी एक पट्टी आपल्या जुन्या वळणावर गेलेली. मिटताना धार आतल्या बाजूला घासली. बाबांनी खाटेवरून तो आवाज ऐकला आणि डोळे मिटून घेतले.

मग खिळे तोडले आणि दुसरं शिंग घेतलं. या वेळी फळ्यांवर पाटा ठेवला आणि पंधरा दिवस तिकडे बघितलं नाही. नंतर कानशीने घासलं, काचेच्या तुकड्याने खरवडलं, पॉलिश पेपर मारला. दर दुपारी पट्टी बाबांच्या हातात द्यायची. ते डाव्या अंगठ्याने आतली बाजू चाचपून नकारार्थी मान हलवायचे, की मी परत पडवीत. खालच्या टोकाला दोन पट्ट्यांत पाचर लागते, ती करवंटीची केली. पात्याचा गंज घासून काढला, धार लावली. खोबरेल चोळल्यावर काळ्या शिंगात मधासारखी एक रेघ निघाली. पण या सगळ्याच्या आधी, जुनी मूठ काढताना एक झालं. तिच्या चिरेत पिवळट काहीतरी घट्ट बसलं होतं. काका शेजारीच होते. त्यांनी पाहायच्या आत मी ते नखाने खरवडून टाकलं.

तो गोंद होता, स्वप्निल. ती मूठ मी मोडली होती, तुझ्या पहिल्या दाढीच्या आदल्या दिवशी. चामड्याच्या पट्ट्यावर धार लावायचा मला लहानपणापासून नाद, पण आज्याच्या वस्तऱ्याला पोरीने हात लावायचा नाही. तो तुला मिळणार म्हणून मी जळत होते, आता खोटं कशाला बोलू? बाबा जेवून आडवे झाले होते. मी दोनदाच पट्ट्यावर फिरवला आणि तो हातातून निसटून फरशीवर पडला. चिकटवून डबीत ठेवला. दुसऱ्या दिवशी तू मार खात होतास आणि एकोणीस वर्षांची घोडी मी दारात गप्प उभी राहिले, तेव्हापासून गप्पच. काल नवी मूठ बाबांच्या हातात दिली आणि त्यांचे पाय धरून सगळं सांगितलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि तुटक तुटक म्हणाले, “ठावं हाय गो. त्याच सांजला गोंद दिसला मना.” मी रडत विचारलं, मग त्याला बोलावलं का नाही? तर म्हणाले, “चार लोकांत मारला त्याला. मंग कंच्या तोंडान बोलवू?” म्हणजे तू खरं बोलत होतास हे या घरात दोघांना ठाऊक होतं, आणि अकरा वर्षं दोघंही गप्प. आज सकाळी मी वाटीत फेस केला, तर त्यांनी माझा हात बाजूला सारून दाराकडे बोट दाखवलं. वस्तरा मिटलेला त्यांच्या डाव्या मुठीत आहे, सोडत नाहीत. कमलेशची गाडी परत मुरुडला निघेल, तिच्यातच बस. आलास की आधी माझ्या थोबाडीत मार, चार लोकांना बोलावून मार. मग बाबांची दाढी कर.

तुझीच,
पूनमताई